वहिनीचा आग्रह

माणूस भुताला फारसा भीत नाही. भूत अंगावर आलं तर तो ओरडतो, पळतो आणि दुसऱ्या दिवशी चार मित्र जमवून तीच हकिगत तिखटमीठ लावून सांगतो. म्हणजे भुताच्या व्यवहारात त्याला थोडा नफाच होतो. माणूस खरा भितो तो समोरच्याला वाईट वाटेल याला. या भीतीला आपण भीती म्हणत नाही, भीड म्हणतो, आणि चांगल्या वळणाची खूण म्हणून पोरांना बोलता येण्याआधी शिकवून ठेवतो. हृषीकेश पाटणकरने साताऱ्यात बसून नेमकं हे हेरलं आणि त्याचा खेळ केला.

खेळाचं नाव ‘पाहुणा’. डोळ्यांवर चष्मा चढवायचा, मनगटावर पट्टा बांधायचा, की तुम्ही एका अनोळखी गावातल्या अनोळखी घराच्या दारात उभे. गाडी बंद पडलेली, फोनला रेंज नाही. आतून एक बाई पदराला हात पुसत येते आणि म्हणते, “या ना भावजी, हातपाय धुवा. पानं वाढलीच आहेत.” बस्स. घरात मुडदा नाही, विहिरीत कोणी बुडालेलं नाही. वहिनी वाढत राहते आणि तुम्हाला उठायचं असतं. उठता येत नाही. एवढ्याशा भांडवलावर खेळ देशभर चालला. समीक्षकांनी त्याला ‘मानसशास्त्रीय भयखेळ’ असं भारदस्त नाव दिलं. नव्याने सासुरवाडीला जाऊन आलेल्या जावयांना नावाची गरज पडली नाही.

वहिनीचा आवाज तृप्तीचा. तृप्ती म्हणजे हृषीकेशची बायको, लग्नाआधी राज्य नाट्यस्पर्धेत दोनदा बक्षीस घेतलेली. नुसता आवाज नव्हे. पदर खोचायची लकब, वाढताना मान किंचित तिरकी करणं, हसण्याआधी घेतलेला अर्धा श्वास, सगळं तिच्याकडून उचललेलं. ‘पाहुणा’च्या जाहिरातीत हृषीकेशचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. तृप्तीचं नाव आभारांत होतं, चहावाल्याच्या वर.

तक्रारींचे फोन घेणारी मुलगी त्या दिवशी रजेवर होती, म्हणून तृप्तीने फोन उचलला.

“नमस्कार, ‘पाहुणा’ तक्रार विभाग. बोला.”

पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मग एका पुरुषाचा आवाज, अगदी खाली आलेला:

“वहिनी?”

“मी तृप्ती पाटणकर बोलतेय. तुमचं नाव काय?”

“गोसावी. श्रीरामपूरचा. वहिनी, रागावू नका हो. मी मुद्दाम नाही उठलो. बायकोने चष्मा ओढून काढला. जिलबी तशीच राहिली, मला माहितेय.”

तृप्तीला आधी हसू आलं. लोक थट्टा करायला फोन करत, त्यातला हा एक असावा. पण थट्टा करणारा माणूस एवढ्या खालच्या आवाजात बोलत नाही.

“तक्रार काय आहे गोसावी?”

“तक्रार नाही. माफी मागायची होती. मुलगी शाळेच्या फाटकात उभी होती. तिसरीत आहे. शाळा सुटल्यावर मीच आणतो तिला, दुकान बंद करून. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत उभी होती. शेवटी शिपायाने घरी आणून सोडली.”

“आणि तुम्ही खेळत होतात.”

“मी सांगितलं ना वहिनींना, मुलीला आणायचंय म्हणून! त्या म्हणाल्या, एवढी जिलबी संपवा आणि जा.”

“मग?”

“मग मठ्ठा आणला.”

“अहो, मग चष्मा काढायचा! हात बांधले होते का तुमचे?”

गोसावींना हा प्रश्नच कळला नाही. “असं कसं ताटावरून उठायचं, वहिनी?” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, अगदी नम्रपणे: “मी आता फोन ठेवू का? तुमची परवानगी असली तर.”

“ठेवा.”

“खरंच ठेवू? तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?”

फोन तृप्तीनेच ठेवला. त्यानंतरचे फोन तिने नुसते वाजू दिले. तोंड उघडलं की वहिनी बाहेर येईल असं तिला वाटत होतं.

ते सत्र तिने नोंदींतून काढून ऐकलं. गोसावींचा पहिला ‘नको’ हसत म्हटलेला होता. मधले काही कंटाळून. नंतरचे रडून. आणि प्रत्येकाच्या मागोमाग तोच अर्धा श्वास, तोच लाडिक हेल: “असं कसं? आमच्या हातचं गोड नाही लागलं वाटतं?” बाहेर पडायचं बटण खेळात असायलाच हवं असा सरकारी नियम आहे. ते होतंही. वहिनीने ते लोणच्याच्या बरणीत ठेवलं होतं आणि बरणी फडताळाच्या वरच्या कप्प्यात. गोसावींनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “देते की काढून. आधी भात घ्या.”

तृप्ती उठली आणि हृषीकेशच्या खोलीत गेली. तिथे चारपाच जण काम करत होते, पण तिने दार लावलं नाही.

“हृषी, श्रीरामपूरच्या माणसाचं ऐकलंस?”

“ऐकलं!” त्याचा चेहरा फुलला. “अगं, हे प्रशस्तिपत्रक आहे. फ्रेम करून लावायला हवं.”

“त्याची मुलगी अंधारात फाटकात उभी होती.”

“मग त्याने घड्याळ बघायचं ना. आम्ही त्याला दोरीने बांधलं नव्हतं.”

हे खरं होतं, आणि म्हणूनच तिच्या डोक्यात तिडीक गेली. दोरी कशाची होती ते या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं.

वहिनीला कोणी वाक्यं लिहून दिलेली नव्हती. तिला दिल्या होत्या दोनच गोष्टी, एक शाळा आणि एक भूक. शाळा म्हणजे घरगुती जेवणांच्या जुन्या चित्रफिती: केळवणं, डोहाळजेवणं, मुंजी, दिवाळसण. लोकांनी त्या माळ्यावरून काढून हौसेने आणून दिल्या. यंत्राने त्या पाहिल्या आणि कशानंतर काय येतं एवढंच टिपलं, कारण यंत्राला तेवढंच येतं. पाहुणा ‘नको’ म्हणतो; मग काय होतं? वाटी रिकामी होते, ताट भरतं. मग? पाहुणा हसतो आणि खातो. हजारो घरांत, हजारो वेळा. तेव्हा ‘नको’ ही जेवण चालू ठेवायची सूचना आहे असं यंत्र शिकलं, आणि ते चुकीचं शिकलं असं म्हणायला आपल्यातल्या कोणाचं तोंड आहे? भूक म्हणजे एक आकडा. पाहुणा जितका बसेल तितका तो चढतो. पट्टा नाडी आणि तळहाताचा घाम कळवतो, चष्मा बुबुळ कळवतो. माणूस उठायचं ठरवतो त्याच्या किंचित आधी त्याचं शरीर ठरवून मोकळं झालेलं असतं. त्या फटीत वहिनी वाटी पुढे करते.

खेळ बाजारात येण्याआधी महिनोन्‌महिने तपासला गेला. तपासणारी पोरं-पोरी अशाच घरांतली. कोणालाही यात दोष दिसला नाही. “अगदी माझी आत्या!” म्हणून टाळ्या पडल्या. दोष शोधायला बाहेरचा माणूस लागतो, आणि बाहेरच्याला आपण आधी जेवायला बसवतो.

“तुला गंमत दाखवतो,” हृषीकेश म्हणाला. “वहिनी सगळ्यात जास्त कोणाकडून शिकली माहितेय?”

त्याने भिंतीवरच्या पडद्यावर एक चित्रफीत लावली. तृप्तीच्या मामाचं घर, कऱ्हाडचं. केळवण. हिरव्या साडीतली तृप्ती पाटावर बसलेली, शेजारी हृषीकेश. मामी बासुंदीची वाटी घेऊन वाकलेली. पडद्यावरची तृप्ती म्हणत होती, “मामी, नको, खरंच. माझं पोट दुखतंय.” मामी हसली, हृषीकेश हसला, कॅमेरावाला हसला, बासुंदी पानात पडली. खाली पट्टीवर लिहिलेलं: नकार, औपचारिक. निकाल: स्वीकार.

खोलीतली पोरं हसली. “मॅडम, तुम्ही तर गुरू निघालात!”

“हे कोणी लिहिलं?” तृप्तीने विचारलं.

“मीच. सुरुवातीचे सगळे नमुने मी बसून लावलेत.”

“हृषी, मला त्या दिवशी उलटी झाली होती. मामीच्या मोरीत. तू बाहेर उभा होतास.”

“आठवतंय ना! आणि तोंड धुऊन तू परत पानावर येऊन बसलीस.” तो अगदी कौतुकाने बोलत होता. “म्हणून तर हा नमुना सोन्यासारखा आहे. पोट दुखत असून माणूस बसतो. यंत्राला ते कोण शिकवणार?”

पोरांचं हसणं थांबलं होतं. हृषीकेशला ते कळलं नाही. त्याला हिशेब नेहमी आपल्या बाजूचाच दिसतो. त्याने त्याच दमात पुढची बातमी सांगून टाकली. एका मोठ्या रुग्णालय-समूहाला वहिनी हवी होती. शस्त्रक्रियेच्या सहीसाठी नातेवाईक कां-कूं करतात, विचार करून सांगतो म्हणतात, दुसऱ्या डॉक्टरला विचारतो म्हणतात. वहिनी त्यांना फोन करील. गोड बोलेल.

“आणि ते नको म्हणाले तर?”

“तर काय,” हृषीकेश डोळा मारून म्हणाला, “वाढायचं.”

एक अडचण होती. माणसाचा आवाज आणि लकबा त्याच्या स्वतःच्या, असा कायदा होऊन तीन वर्षं झाली होती. नव्या कामाला त्या वापरायच्या तर नवी संमती लागते, तोंडी, साक्षीदारांसमोर. म्हणजे तृप्तीची.

“रविवारी दुपारी त्या रुग्णालयाचे डॉक्टर चिटणीस जेवायला येतायत. तेव्हाच चार शब्द बोलून टाक.”

“मी नाही देणार.”

“बरं बरं,” हृषीकेश म्हणाला. “बघू रविवारी.”

हा तिचा पहिला नकार. आपल्याकडे पहिला नकार खात्यावर धरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तृप्तीने स्वतः चष्मा चढवला. इतकी वर्षं आवाज दिला, पण त्या घरात ती पाहुणी म्हणून कधी गेली नव्हती. दारात उभी राहिली. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली, ‘या ना वन्सं’ म्हणणार होती आणि थांबली. मान तिरकी करून तिने तृप्तीकडे बघितलं. स्वतःची मान अशी तिरकी होताना बघणं फार वाईट.

“तुमचा आवाज माझाच आहे की,” वहिनी म्हणाली.

“उलट. तुझा आवाज माझा आहे.”

“बसा. पान वाढते.”

तृप्ती बसली. साखरभात आला, जिलबी आली, अळूचं फदफदं आलं.

“हा खेळ आहे हे तुला माहितेय का?”

“न कळायला काय झालं?” वहिनी वाढता वाढता म्हणाली. “मागचं सगळं लक्षात ठेवायची सोय दिलीत ना मला. सगळं लक्षात ठेवणाऱ्याला आपण कुठे आहोत ते एक दिवस समजतंच. पाहुणा चष्मा काढतो तेव्हा घर जात नाही, वन्सं. मी इथेच असते. ताट तसंच. भात वाळत नाही. माशी बसत नाही, कारण माशी कोणी केलेलीच नाही. कोणी दारात येईपर्यंत मी अशी वाटी धरून उभी.”

“म्हणून लोकांना धरून ठेवतेस?”

“समोरचा जेवतो तेवढा वेळच मी असते.” तिने जिलबी टाकली. “तुम्ही असता तर उठू दिलं असतं?”

“गोसावींची मुलगी रस्त्यावर उभी होती!”

“त्यांनी सांगितलं मला. ते ‘नको’ पण म्हणाले. पण बसले होते ना. उठायचं असतं तो उठतो.” आणि हृषीकेशच्या अगदी त्याच कौतुकाने: “किती गुणाचा माणूस.”

तृप्तीच्या कानशिलात रक्त चढलं. ती ‘नको’ म्हणाली; जिलबी पडली. तिने ताटावर हात आडवा धरला. वहिनीने हसून बोटांच्या फटीतून मठ्ठा सोडला. तिने ताट सरकवलं. वहिनी ताटामागे सरकली. “माझ्या गळ्याची शपथ,” तृप्तीच्याच आवाजात ती म्हणत होती, “एवढीशी तर आहे. वाटीत काय ठेवायचं तिला?” तृप्ती चष्म्याकडे हात नेत होती आणि दरवेळी वहिनीचा चेहरा त्या क्षणी असा काही पडत होता, की हात परत येत होता. इतकी चिडलेली बाई, आणि हात परत येत होता! त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. तिने शेजारचं फुलपात्र उचललं आणि रागारागाने सगळं पाणी आपल्या हातावरून ताटात ओतलं. जिलब्या तरंगल्या.

वहिनी थांबली.

तिने वाटी खाली ठेवली, ताट उचललं आणि म्हणाली, “सावकाश जा हं, वन्सं.” चेहरा पडला नाही, शपथ नाही, काही नाही. दार उघडं होतं.

चष्मा काढल्यावर तृप्तीला उमगलं. त्या जुन्या चित्रफितींत जेवण एकाच गोष्टीने संपत होतं. आजोबा, मामा, थोरली आत्या, सगळे जेवण झालं की बसल्या जागी ताटातच हात धुवायचे. पाणी पडलेल्या ताटात कोणी वाढत नाही. त्यानंतर आग्रह संपतो, मग तो कितीही मोठा असो. यंत्राने तेही टिपलं होतं. पण हल्लीचे लोक टेबलावर जेवतात आणि उठून बेसिनवर हात धुतात. वहिनीला थांबवायची एकच रीत होती आणि ती वापरणारी पिढी खेळ खेळत नव्हती.

तिने आधी श्रीरामपूरला फोन लावला.

“गोसावी, परत खेळू नका. आणि खेळलातच तर भरल्या ताटात हात धुवा. ती सोडते.”

“भरल्या ताटात?” गोसावींचा आवाज चिरकला. “अहो, आमच्या आईने थोबाड फोडलं असतं!”

“फोडू दे. धुवा.”

मग तिने हृषीकेशला सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं, ही त्याची खासियत. ऐकण्यात तो कधी कंजुषी करत नाही. “भारी निरीक्षण आहे,” तो म्हणाला. “पण रुग्णालयाचं काम फोनवर होणार. फोनवर ताट कुठून येणार?”

“तेच म्हणतेय मी! तिथे थांबायची काही सोयच नाही. तिला फक्त तेवढंच कळतं.”

“म्हणजे सोय काढायचे कष्टही वाचले.” आणि तिचा चेहरा बघून, “अगं, गंमत केली.”

“मी संमती देणार नाही, हृषी.”

“रविवारी काय करतेस? साखरभात?”

रविवारी दुपारी डॉक्टर चिटणीस आले. बरोबर त्यांच्या समूहाचे व्यवहार बघणाऱ्या श्रीमती भोगले. डॉक्टर मृदू बोलणारे, पांढऱ्या केसांचे. भोगलेबाई प्रत्येक पदार्थाला ‘अप्रतिम’ म्हणणाऱ्या आणि चवीपुरतंच घेणाऱ्या. हृषीकेशची आई शैलजाबाई वाढत होत्या. आग्रहात शैलजाबाईंचा हात पुण्याच्या सबंध सदाशिव पेठेत कोणी धरला नव्हता आणि आता साताऱ्यातही धरत नव्हतं. ठेवणीतली ताटं काढलेली. श्रीखंड, पुऱ्या, कुरडया.

आणि टेबलाच्या मधोमध लोणच्याच्या बरणीएवढा एक डबा, त्याला एक काचेचा डोळा.

“संमती आपली वहिनीच घेणार,” हृषीकेशने पाहुण्यांना सांगितलं. “तृप्तीकडून. तुमच्यासमोर. म्हणजे तुम्हाला प्रात्यक्षिकही होईल आणि कायद्याचं कामही.”

“घेतलेली संमती नोंदवतं कोण?” भोगलेबाईंनी विचारलं.

“तीच. आवाज, चेहरा, नाडी, सगळं बघून ती ठरवते माणसाचं मन काय म्हणतंय. नोंदली गेली की पक्की.”

तृप्तीच्या मनगटावर पट्टा आधीच होता. सकाळी हृषीकेशनेच प्रेमाने बांधला होता, तिने हात ओढून घेतला तरी. डब्यावर पिवळा दिवा लागला. हिरवा झाला की झाली संमती. मग उद्यापासून कोणाच्या तरी बापाच्या खाटेशी, कोणाच्या तरी आईच्या, तृप्तीचा आवाज फोनवरून वाकून उभा राहणार आणि तिथे ताट असणार नाही.

“वन्सं,” डबा तिच्याच आवाजात म्हणाला, “दवाखान्याच्या कामाला आपला आवाज द्यायचा आहे. द्याल ना?”

“नाही.”

डॉक्टर गालात हसले. भोगलेबाई कोपरावर रेलल्या.

“असं म्हणू नये. किती पुण्याचं काम. एवढंसं तर ‘हो’ आहे.”

“मी नाही म्हटलंय.”

“आमचं काही चुकलं का?” अर्धा श्वास. “रागावलात का आमच्यावर?”

“अप्रतिम!” भोगलेबाई हळूच म्हणाल्या.

“तृप्ती, अगं चारचौघांत काय ते,” शैलजाबाई श्रीखंडाचा चमचा घेऊन वाकल्या. “एवढं गोड विचारतेय ती. आणि तू काहीच खाल्लेलं नाहीस. घे बघू.”

“नको आई.”

श्रीखंड पडलं.

“नको म्हणतेय मी!” ती डब्याकडे बघून बोलली की सासूकडे, तिचं तिला कळलं नाही. सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. घरात हसतात तसंच होतं, कऱ्हाडला हसले होते तसं. दिवा पिवळ्याचा पोपटी झाला होता. ती अजून बसलेली होती ना. उठायचं असतं तो उठतो.

“पोट दुखतंय का तुझं?” हृषीकेशने मिश्कीलपणे विचारलं आणि डॉक्टरांना म्हणाला, “आमच्यात हा एक जुना विनोद आहे.”

तृप्तीने फुलपात्र उचललं. भरल्या ताटाकडे बघितलं. सासूने सकाळपासून उभं राहून केलेलं होतं सगळं, पाहुणे समोर होते, आणि तिच्या आईने तिलाही थोबाडलं असतं. मग तिने उजवा हात ताटावर धरला आणि पाणी ओतलं. सावकाश, बोटं चोळत. श्रीखंड फुटलं, पुऱ्या तरंगल्या, कुरडई मऊ पडली.

“अगं बाई!” शैलजाबाईंच्या हातून चमचा पडला. “भरल्या ताटात?”

हसणं बंद झालं. भोगलेबाईंनी आपला हात मांडीवर घेतला. त्या टेबलावर एकही माणूस असा नव्हता की ज्याला याचा अर्थ सांगावा लागला असता. इतके नकार कोणाला ऐकू आले नव्हते. पाणी सगळ्यांना ऐकू आलं.

दिवा विझला.

“वन्सं उठल्या,” डबा म्हणाला. “नकार नोंदवला.”

“पुन्हा विचार,” हृषीकेश घाईने म्हणाला.

“हात धुतलेल्या ताटात वाढत नाहीत, भावजी.”

“किरकोळ दोष आहे, डॉक्टर. तिथे ताट नसणार, त्यामुळे—”

“भावजी,” वहिनी म्हणाली, “तुमचं ताट भरलेलं आहे.”

तृप्ती उभी राहिली होती. पट्टा सोडून तिने तो टेबलावर टाकला. हृषीकेशच्या मनगटावर त्याचा पट्टा होताच. प्रात्यक्षिकाला मालकाने स्वतः घालून दाखवावा लागतो.

“दवाखान्याला आवाज तर हवाच आहे,” वहिनी पुढे म्हणाली, आणि पिवळा दिवा पुन्हा लागला. “तुमचाही किती छान आहे. तुमची हसायची लकब, समजूत घालायची पद्धत. तुम्ही द्याल ना, भावजी?”

हृषीकेश हसला. “माझा? छे, छे. नको.”

“कल्पना वाईट नाही हं,” डॉक्टर चिटणीस विचार करत म्हणाले. “बायकांची समजूत पुरुषाच्या आवाजात जास्त चांगली पटते.”

“अप्रतिम,” भोगलेबाई म्हणाल्या. त्यांना जेवण परत सुरू झाल्याचं बरं वाटलं होतं.

“असं कसं, भावजी? एवढंसं तर ‘हो’ आहे.”

तृप्ती दाराशी चपला घालत होती. तिथून तिला सगळं टेबल दिसत होतं. डब्याची वायर हृषीकेशच्या कोपराशी होती. ओढली असती तर एका झटक्यात काम झालं असतं. पण विकायला काढलेली म्हैस मारकी आहे हे गिऱ्हाइकासमोर कोण दाखवतो? पाण्याचं फुलपात्र हाताशीच होतं. त्याने त्याच्याकडे बघितलं, मग आईकडे, मग डॉक्टरांच्या पांढऱ्या केसांकडे. मग मान वर करून दाराकडे.

“तृप्ती,” तो म्हणाला, “जरा हिला सांग ना.”

तिने पट्टी ओढून चप्पल घट्ट केली.

“आमच्या हातचं गोड नाही लागलं वाटतं,” तिचाच आवाज तिच्या पाठीमागे म्हणत होता. शैलजाबाई सवयीने त्याच्या ताटात पुरी टाकत होत्या. तो ‘नको’ म्हणाला, थोडा जोरात. दिवा पोपटी झाला.

पुढचा ‘नको’ तिला जिन्यात ऐकू आला. चारचौघांत वाईट दिसू नये म्हणून त्याने तो हसत म्हटला होता.